वाफेत गेलेली दाढ

हे घडलं २००९ साली. आमचे हे तेव्हा एकावन्न वर्षांचे होते आणि त्यांचे पुढचे चार दात हलत होते. दुसऱ्या कुणाचे हलले असते तर एवढं बिघडलं नसतं. पण हे बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. ट्रम्पेट ओठांवर टेकतो आणि ओठ दातांवर. दातच डुगडुगायला लागले, तर सूर उभा कशावर राहणार?

मी दातांच्या मोठ्या दवाखान्यात हत्यारं धुवायचे. बावीस वर्षं तेच. ट्रे आला की घासायचा, पिशव्या भरायच्या, वाफेच्या यंत्रात लावायच्या. तोंडातून आलेलं काहीही वाफेतून गेल्याशिवाय टेबलावर ठेवायचं नाही, हे नव्या मुलींना मीच दटावून शिकवलेलं.

आमच्या दवाखान्यातल्या हिरड्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हा एक नवा प्रयोग हाती घेतला होता. अक्कलदाढ काढायची, तिच्या गरातल्या मूळपेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि हिरडीखाली जिथे हाड झिजलंय तिथे सोडायच्या. पेशी ज्याच्या त्याच्याच लागत. यांची एकच अक्कलदाढ उरली होती.

“खात्री देत नाही हं, मावशी,” बाई मला म्हणाल्या. “पण दात वाचवायचे तर आता एवढंच उरलंय.”

“काढा,” हे म्हणाले. “तशीही माझी अक्कल हिच्याच ताब्यात असते.”

त्या दिवशी बदलीची बाई आली नाही, म्हणून माझी सलग दुसरी पाळी चालली होती. दाढ निघाली. बाईंनी ती पेशी जिवंत ठेवणाऱ्या गुलाबी पाण्याच्या छोट्या बाटलीत टाकली आणि प्रयोगशाळेचा माणूस येईपर्यंत बाटली ट्रेच्या कडेला ठेवली. कुणीतरी तो ट्रे उचलून माझ्याकडे आणला. मी बघत होते, पण दिसत काहीच नव्हतं. बाटलीवर रक्ताचा ठिपका होता. रक्त दिसलं की माझे हात आपले आपण चालायचे.

यंत्राचं दार उघडलं तेव्हा मी बाटली ओळखली.

बाईंनी ती उजेडात धरली. “आता यात जिवंत काही नाही, मावशी.” रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

हे बाहेर बाकावर बसले होते, गालात कापूस धरून.

“अहो, मी तुमची दाढ उकडली.”

त्यांनी सावकाश कापूस काढला. “मीठ घातलंस का?”

मला रडूही येईना. मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “चल घरी. दमलीयस तू.”

वर्षभरात चारही दात गेले. कवळीवर ट्रम्पेट ठरेना, तेव्हा त्यांनी त्याच बँडमध्ये मोठा ढोल गळ्यात घेतला. शेवटपर्यंत वाजवला, पण घरी परत कधी गुणगुणले नाहीत. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. ट्रम्पेट मुलीकडे आहे. वाजवत नाही, पण पुसून ठेवते. बाईंच्या प्रयोगात नऊ जण होते. चौघांचे दात धरले, पाचांचे नाही. हे त्या चौघांत असते का, हे बाईंनाही सांगता आलं नाही. त्या निवृत्त झाल्या तेव्हा मी शेवटचं विचारलं होतं.

मी अजून आहे. कप विसळायला घेतला की आधी आत डोकावून बघते.