गोधडीखालचा मुगरमान

मी एक जुना मुगरमान आहे. मित्रांनो, नावाला घाबरू नका. मुगरमान म्हणजे लाकडी पायांवर उभा राहणारा सिद्दी लोकांचा ढोल.

पोर्तुगिजांच्या गलबतांतून सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून दमणला आले. गाव सुटले, भाषा सुटली, हातातला ताल मात्र राहिला. दमणच्या अशाच एका सिद्दी घरातल्या हूरबाईच्या बापाने लाकूड कोरून मला घडवले. तो एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात नोकर होता. साहेबाला माझा आवाज खपत नसे. "पुन्हा ऐकू आला तर चुलीत घालीन," असे त्याने दरडावले. तेव्हापासून माझ्या तोंडावर गोधडी आली. स्वयंपाकघरामागे आमची माणसे दबक्या पावलांनी धमाल, म्हणजे सिद्दींचा नाच, नाचत. मला फार गुदमरायला होई.

साहेब त्याच्या देशी गेला. हूरबाई मला घेऊन डहाणूला आली, तरी चाळीतले लोक कटकट करतील या धास्तीने तिने गोधडी काढली नाही. तिचा मुलगा मुबारक बोर्डीच्या चिकूवाडीत कामाला जाई. तो गोधडीवरच वाजवायला शिकला. त्याला वाटे, गोधडी म्हणजे मला दिलेला मान आहे. लोबानचा धूर फिरवून तो गोधडीला हात लावी आणि तोच हात कपाळाला लावी. साहेबाची गोष्ट हूरबाईने लाजेपोटी कधी सांगितलीच नाही.

अठ्ठ्याऐंशी सालच्या उरुसात दमणचे पाहुणे आपले मुगरमान घेऊन आले. ते ढोल नुसते गरजत होते, आणि मी धप्प धप्प. एक पाहुणा हसून म्हणाला, "याला काय थंडी वाजते?"

मुबारक उसळला. "आमच्या घरची रीत हाय ही!"

बायकांमधून हूरबाई उठली. ती म्हणाली, "रीत नाय, दीकरा. भीती हाय ती. साहेबाची. आता काढ ती गोधडी. मरायच्या आधी मला त्याचा खरा आवाज ऐकू दे."

मुबारकने गोधडी काढली आणि सगळा जीव लावून थाप मारली. वर्षानुवर्षे दमट गोधडीखाली कुजलेले माझे कातडे फाटले. आवाज निघालाच नाही. नव्या कातड्याची वाट पाहत हूरबाई त्याच पावसाळ्यात गेली. तिला माझा खरा आवाज ऐकवता आला नाही, हे मला अजून सलते.

आता माझ्यावर नवे कातडे आहे, गोधडी नाही. तरी मुबारकचा हात वर उठतो, क्षणभर थांबतो आणि हळूच पडतो. मित्रांनो, कधी आमच्या उरुसाला आलात, तर त्याच्याजवळ उभे राहा. त्याला सांगा, जोरात वाजव, साहेब कधीच गेला.