खोट चाकातच आहे

मित्रांनो, मी एक जुने चाक आहे. मातीची भांडी घडवायचे, पायाने फिरवायचे. जुना झालो असेन, पण बिघडलेलो नाही. हे आधीच सांगतो, कारण ज्या घरात मी आयुष्य काढले, तिथे माझ्याविषयी वेगळेच बोलले जाते.

सुताराने माझी चौकट जोडली, लोहाराने दांडा ठोकून दिला आणि तेव्हा तरुण असलेल्या माझ्या मालकिणीने मला खिडकीखाली बसवले. खालची जड चकती ती पायाने ढकलायची आणि वरच्या थाळीवर माती उभी राहायची. वाडगे, पेले, लांब मानेच्या सुरया. कोणी कौतुक केले, की चिखलाचा हात माझ्या चौकटीवर थोपटून ती म्हणायची, "माझं काही नाही हो, चाक गुणाचं आहे."

पुढे तिच्या हातांना कंप सुटला. चहाचा कपही धड धरवेना. काम बंद पडायची वेळ आली, तेव्हा तिची भाची चांगली नोकरी सोडून आली.

"आत्या, तू नुसतं सांग. मी अगदी तसंच करते."

आत्या शेजारी खुर्ची टाकून बसू लागली.

"कोपर मांडीला टेकव. आता माती मधोमध आण. दाब."

"किती दाबू?"

"तिचं डगमगणं थांबेपर्यंत."

"पण म्हणजे किती?"

आत्या विचारात पडली. "घट्ट. पण फार घट्ट नाही."

पहिल्या दिवशी दोघी यावर खूप हसल्या. नंतर हसू ओसरले. आत्या जीव तोडून सांगत होती, पण तिच्या हातांना जे ठाऊक होते ते तिला कधी बोलून दाखवावे लागलेच नव्हते. भाचीही मन लावून ऐकत होती. पण 'सैल सोड' हा शब्द तिच्या कानातून बोटांत उतरेपर्यंत माती पुढे निघून गेलेली असायची. भांडे कलायचे, बसायचे. पुन्हा गोळा, पुन्हा पाणी.

एका दुपारी जवळजवळ पूर्ण झालेली सुरई मानेतून मोडली. भाचीने हात पुसले.

"तू सांगतेस ते सगळं करते आहे मी, आत्या."

"करतेस ग. बघते आहे ना मी."

'तुला जमत नाही' असे आत्याच्या तोंडून निघेना, 'तुला सांगता येत नाही' असे भाचीच्या. शेवटी आत्याची नजर माझ्याकडे वळली.

"चाकच जुनं झालंय. दांडा वाकला असेल."

दांडा वाकलेला नव्हता, मित्रांनो. माझ्या नुसत्या आवाजावरून माझी तब्येत ओळखणाऱ्या तिला हे पक्के माहीत होते.

"मलाही तेच वाटत होतं," भाची म्हणाली. तिचा चेहरा किती हलका झाला.

परक्याने म्हटले असते तर सोसले असते. मला कोपऱ्यात ढकलले आणि विजेवर चालणारे नवे चाक आले. त्यावरही माती तशीच नाचली. मला बरे वाटले, खोटे कशाला बोलू?

एकदा सांगता सांगता आत्याला खुर्चीतच डुलकी लागली. भाचीने तिला उठवले नाही. माती डगमगली. कोणी काही सांगितले नाही, तिने विचारले नाही. तिचा तळवा आपोआप जड झाला, मग हलका. माती शांत झाली. पाहता पाहता एक वाडगा उभा राहिला.

आत्या जागी झाली. वाडग्याकडे बघून तिचे डोळे भरून आले. "बघ. म्हटलं नव्हतं, चाकातच खोट होती?"

भाचीने आधी स्वतःच्या बोटांकडे पाहिले, मग माझ्याकडे. ती बोलेल म्हणून मी वाट पाहिली.

"हो ना, आत्या," ती म्हणाली.

आज माझ्या थाळीवर ओली भांडी सुकत ठेवतात. ज्या बोटांनी ती घडतात, ती माझ्यावर माती बिघडवतच शिकली. हे या घरात कोणी म्हणत नाही.

मित्रांनो, चित्र काढा, गाणे शिका, माती मळा. सांगणाऱ्याचे नीट ऐका. पण सांगितलेले हातात उतरेपर्यंत बरेच काही बिघडते. ते बिघडू द्या. त्याचा दोष सांगणाऱ्याला देऊ नका, स्वतःलाही नको. आणि तुम्ही चुकत असताना जो मुकाट्याने तुमच्याबरोबर फिरत राहिला, त्याच्या माथी तर मुळीच मारू नका.