मोठी खरं सांगते

हॉटेलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणाऱ्या बाईला दोन मुली. घरात त्यांना मोठी आणि बारकी म्हणत. सरकारी आरोग्यविमा सहा वर्षांखालच्या मुलांनाच होता, त्यामुळे बारकीला शिंक आली तरी दवाखाना आणि मोठीला गरम पाण्याची वाफ. पण मोठी मुळात काटक, असं बाईला वाटायचं. धावाधाव तिला आवडायची नाही, पुस्तकात डोकं खुपसून बसायची. ट्रक चालवणाऱ्या बापाला त्याचं कोण कौतुक!

मग नियम बदलला. कमी कमाईच्या घरातल्या अठरा वर्षांपर्यंतच्या सगळ्याच मुलांना विमा मिळणार होता. बारकीच्या लसीच्या वेळी नर्सने हे सांगितलं, तशी बाईने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि नाव नोंदवून मोठीलाही तपासायला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी नेहमीचं विचारलं, भूक लागते का, दम लागतो का. मोठीने आईकडे पाहिलं.

"आई, आता माझंपण फुकट आहे ना?"

"हो गं."

"मग खरं सांगते."

जिने चढताना तिच्या छातीत शिट्टी वाजायची. रात्री आडवं होववत नसे, म्हणून ती भिंतीला टेकून बसून राहायची, कुणाला जाग येऊ नये म्हणून तोंडावर पांघरूण धरून. त्याच खोलीत, हातभर अंतरावर, बाई स्वतः ढाराढूर झोपत होती.

दमा निघाला. औषधाने आटोक्यात राहील, असं सांगून डॉक्टरीणबाईंनी फवाऱ्याचं औषध दिलं.

बाहेर आल्यावर बाईला रागवायचं होतं. पण एवढंच म्हणाली, "मला का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तू रात्रपाळी धरली असतीस."

"ते माझं मी बघितलं असतं. दुखलं की सांगायचं, एवढंच तुझं काम."

मोठीने मान हलवली आणि आईचं बोट धरलं. एरवी रस्त्यात ती बोट धरायची नाही.

बाप फेरीवरून परतला, सगळं ऐकून मोठीजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "मलाही शिकव ते औषध कसं घ्यायचं." मोठीने फवारा हलवून दाखवला, आत ओढला, श्वास रोखला. तिच्याबरोबर बापानेही रोखला, आईनेही. गाल फुगवून बसलेल्या बापाकडे बघून बारकी खुदकन हसली आणि मग कुणालाच श्वास धरवेना.