राजदूत आणि गुरुवारची बस

काझिमिर बुखावेत्सला ‘नाही’ म्हणता येत नसे. परराष्ट्र खात्यात बावीस वर्षं काढली, त्यातली शेवटची दोन नुकत्याच स्वतंत्र झालेल्या बेलारूसचा राजदूत म्हणून. तिथे ‘नाही’ला ‘विचार करू’ म्हणतात. आता नोकरी सोडून स्वारी संसदेच्या निवडणुकीला उभी राहायला निघाली होती आणि अर्जाला पाठिंब्याच्या नऊ सह्या कमी पडत होत्या. मुदत त्याच संध्याकाळची. शेवटची आशा म्हणून तो झालेस्येला, आपल्या जन्मगावी आला, तर सगळं गाव पावलीनामावशीच्या शेतात बटाटे काढत होतं.

मावशी त्याच्या आईची मैत्रीण. तिने सही केली की बाकीच्या करणार, आणि तिने तोंड फिरवलं की संपलंच. तिने त्याच्या चकचकीत बुटांकडे पाहिलं आणि हातात बादली दिली. पुढे घोड्याचा नांगर, मागे वाकून वेचणाऱ्या बायका. अर्ध्या तासात राजदूतसाहेबांचं कंबरडं मोडायची वेळ आली.

तालुक्याच्या दवाखान्याला जाणारी गुरुवारची बस दोन वर्षांपासून बंद होती. मावशीने विचारलं, “बस येणार का रे, काझिक?”

“सर्व बाजूंनी विचार करून योग्य ती...”

बायका फिस्सकन हसल्या.

“तुझ्याआधी तिघं येऊन गेले,” मावशी म्हणाली. “तिघंही बस आणणार होते. बघ जरा रस्त्यावर, तीन बसगाड्यांची गर्दी झालीये का?”

‘आणतो’ म्हटलं की नऊ सह्या खिशात, हे काझिमिरला कळत होतं. पण आगारात डिझेलचा ठणठणाट आहे, हे तो सकाळीच पाहून आला होता.

“नाही, मावशी. भांडेन मी. पण येईलच असं नाही सांगता येत.”

बायका पुन्हा वेचायला वाकल्या. आपण माती खाल्ली असं त्याला वाटलं. तरी बादली अर्धीच भरली होती, म्हणून तो वेचत राहिला.

सरीच्या टोकाला मावशीने पाठ सरळ केली. “त्या तिघांतला एकही परत फिरकला नाही. बस नाहीच आली, तर तू इथे येऊन आमच्या तोंडावर सांगशील? का मिन्स्कमध्ये दडून बसशील?”

काझिमिरने कितीतरी करारांवर सह्या केल्या होत्या. पण जमलं नाही, हे सांगायला तो कधी कुणाच्या दारी गेला नव्हता. त्याला भीती वाटली, आणि बरंही वाटलं.

“येईन,” तो म्हणाला.

मावशीने हात पुसले, रिकामी बादली पालथी घालून तिच्यावर त्याचा अर्ज ठेवला आणि सावकाश सही केली. मग तिने बाकीच्यांना हाका मारल्या. त्यांच्या सह्या होईपर्यंत काझिमिर उरलेले बटाटे वेचत होता. डोळे भरून आले होते, पण पुसायचे कसे, हात मातीने माखले होते.