शेवटचं चीवर कोण ठेवणार

बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यापीठातून फोन आला. आईला वाटलं, सांत्वनाचा असेल. कार्यालयातल्या बाईंनी अत्यंत अदबीनं विचारलं, की आचान ग्लिन यांनी, म्हणजे ग्लिन सरांनी, काल संध्याकाळी जाताना यंत्रावर अंगठा लावलेला नाही, तर अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज घरातलं कोण आणून देईल?

मी तोपर्यंत बँकॉकहून येऊन पोचले होते. फोन मीच घेतला आणि सांगितलं, की ते गेले.

"अरेरे," बाई म्हणाल्या, आणि लगेच, "म्हणजे पूर्ण दिवसाची रजा धरायची का?"

उन्हाळ्याची सुट्टी चालू होती. थाई प्राध्यापक अभ्यास सहलीसाठी जपानला गेले होते आणि तिथल्या फुलांचे फोटो पाठवत होते. परदेशी शिक्षकांनी मात्र सुट्टीतही रोज येऊन अंगठा लावायचा, दिवसभर बसायचं, संध्याकाळी पुन्हा अंगठा लावून घरी जायचं. काम काही नसायचं. वीज वाचवायची म्हणून त्यांच्या खोलीतला एसी बंद होता. ईशान्य थायलंडात, कोराटच्या पुढे, एप्रिलमध्ये बंद खोलीत बसणं काय असतं, ते ज्याला माहीत नाही त्यानं सुखी राहावं. मारिविक मावशींनी, बाबांच्या शेजारच्या टेबलावरच्या फिलिपिनो शिक्षिकेनं, तीन उन्हाळे एक पंखा मागितला होता. त्या दिवशी बाबांचं डोकं टेबलावर टेकलेलं पाहून झोपले असतील म्हणून त्यांनी खिडकीचा पडदा ओढला. थोड्या वेळानं त्यांना कळलं.

विहारात पहिल्या संध्याकाळी विद्यापीठाचं पुष्पचक्र आलं. हल्ली आमच्याकडे फुलांऐवजी उपयोगाची वस्तू पाठवतात, मागून ती विहाराच्या कामी येते. विद्यापीठानं पाठवला होता एक उभा पंखा, काळ्या फितीचा. मावशी त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी तो भिंतीकडे फिरवला.

पाठोपाठ डीन आले. डॉक्टर प्रासित. बरोबर एक छायाचित्रकार आणि विद्यापीठाच्या नावाचा गुंडाळलेला बॅनर. शवपेटीशेजारी ठेवायला बाबांचा मोठा फोटोही त्यांनीच आणला होता, लोय क्रथोंगच्या, पाण्यात दिवे सोडायच्या सणाच्या, मिरवणुकीतला. रेशमी धोतर, खांद्यावर जरीचा पट्टा, हातात फुलांची होडी, आणि चेहऱ्यावर दाढदुखी असल्यासारखं हसू. बाबा दरवर्षी असे उभे केले जायचे. माहितीपत्रकात गोरा चेहरा लागतो. मारिविक मावशींचे तास बाबांपेक्षा जास्त आणि पगार कमी होता, पण फोटोत त्या कधीच नव्हत्या. फोटो काढायच्या वेळी कोणीतरी त्यांना पर्स सांभाळायला द्यायचं.

"वहिनी, काही काळजी करू नका," डीन आईला म्हणाले. "शेवटचं चीवर मी स्वतः ठेवणार. आमच्या इंग्लंडच्या आचानना तसंच पोचवणार नाही आम्ही."

"वेल्स," मी म्हणाले.

"हो, तेच ते." मग माझ्याकडे निरखून बघत, "पुई ना तू? इंग्रजी उत्तम असणार. चेहराही बाबांवर गेलाय, हे फार चांगलं झालं. सत्र लवकरच सुरू होतंय आणि त्यांचे वर्ग मोकळे पडलेत. बघ विचार करून."

शवपेटी आमच्यापासून चार हातांवर होती.

दहनाआधी शवपेटीसमोर चीवरं, म्हणजे भिक्खूंची वस्त्रं, ठेवायची आणि भिक्खूंनी ती उचलायची, ही आमची रीत. शेवटचं चीवर सगळ्यांत मोठ्या माणसाचं. त्यावरून गेलेल्याची पत ठरते. मला ते मारिविक मावशींच्या हातून हवं होतं. बाबांशी दिवसातून चार शब्द धड बोलणारं तिथं दुसरं कोणी नव्हतं. आईनं ऐकलंच नाही.

"फिलिपिनो बाईच्या हातून? गाव हसेल."

"आई, त्या माणसानं साधा पंखा दिला नाही."

"बायका मला आयुष्यभर विचारत आल्या, वानदी, तुझा गोरा तिथं नेमका आहे तरी कोण? दरवर्षी नवा करार, दरवर्षी पुन्हा उमेदवार. मी काय सांगायचं? एक दिवस तरी दिसू दे त्यांना, की माझा माणूस कोणीतरी होता. तू जाशील बँकॉकला. मला इथंच राहायचंय."

मी यादीत शेवटी डीनचं नाव लिहिलं.

दहनाच्या दिवशी डीन उशिरा आले. परदेशी शिक्षक शेवटच्या रांगेत, उन्हात बसले होते. निवेदिकेनं बाबांचं चरित्र वाचलं, त्यात ते पुन्हा इंग्लंडचे झाले. मग नावं पुकारली गेली. मी दहनगृहाच्या पायरीशी चीवरांचं ताट घेऊन उभी होते. विभागप्रमुख जपानहून परतलेच नव्हते, त्यामुळे त्यांचं चीवर ताटात उरलं. डीन वर गेले, चीवर ठेवलं, हात जोडले. म्हाताऱ्या भन्तेंनी पुटपुटत ते उचललं. झालं.

डीन खाली उतरले तेव्हा छायाचित्रकार धावत आला.

"साहेब, बॅनर आला नाही फोटोत. वाऱ्यानं उलटा झाला होता."

"मग मूल्यांकनाच्या अहवालात काय लावायचं? पुरावा नको?" डीन माझ्याकडे वळले. "एक उरलंय ना? आण. पुन्हा ठेवतो. भन्ते, जरा थांबा हं. अरे, तो बॅनर दोघांनी धरा."

दोन शिपाई बॅनर ताणून उभे राहिले. भन्ते उन्हात डोळे बारीक करून थांबले. डीननी ताटाकडे हात केला. मी आईकडे पाहिलं. आठवडाभर ज्या बायकांसाठी हे चाललं होतं, त्या पुढच्याच रांगेत होत्या आणि सगळं ऐकत होत्या. त्यांतली एक हाताआड हसली.

आई उठली. पायरीपर्यंत आली.

"साहेब, तुमचं ठेवून झालं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माझा माणूस एकदाच जळणार आहे."

"अहो वहिनी, नुसता फोटो..."

"पुई, हे त्यांना नको देऊस." मग मान वळवून ती शेवटच्या रांगेकडे बघत म्हणाली, "मारिविकबाई, या. पर्स ठेवा त्या खुर्चीवर. कोणाची आहे ती?"

पर्स निवेदिकेची होती. मावशींनी ती खुर्चीवर ठेवली आणि सगळ्या रांगांमधून चालत आल्या. घामानं त्यांचा काळा ब्लाउज पाठीला चिकटला होता. मी ताट पुढं केलं. त्यांनी चीवर घेतलं, पायऱ्या चढल्या आणि बाबांच्या समोर ठेवलं. मग आपल्या ख्रिस्ती रीतीनं कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना बोटं लावली. आईनं त्यांच्याकडे बघितलं, आणि पुढच्या रांगेकडे एकदाही नाही.

दोन शिपाई अजून बॅनर धरूनच होते. तो आता अगदी सरळ होता, अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. छायाचित्रकारानं कॅमेरा उचलला, समोर कोण आहे ते पाहिलं आणि सवयीनं खाली केला.