नऊची घंटा

अप्पांच्या कॉम्प्युटरवर, खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी अकरा चिन्हं दाटीने बसलेली असत. फणसवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांसारखीच. लागत नाहीत ती बाणाखाली लपवता येतात, असं मी त्यांना कितीदा सांगितलं. ते म्हणायचे, "नजरेआड केलं की विसरायला होतं. राहू दे."

अप्पा गेल्यावरही आई रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू करून ठेवायची. तिला त्यातलं तेवढंच येत होतं.

तेराव्याला संध्याकाळी पाहुणे गेले, भांडी झाली, आणि मला नुसतं बसवेना. मी कॉम्प्युटरसमोर बसले. प्रिंटर, हवामान, अँटीव्हायरसची जाहिरात, एक पिवळी घंटा. लपवत बसले नाही, एकेक बंदच करत गेले. पुन्हा आपोआप सुरू होणार नाहीत अशी व्यवस्थाही केली. कोपरा मोकळा झाला. दोन आठवड्यांत माझ्या हातून एवढं एकच काम नीट झालं होतं.

पुढच्या रविवारी मला बंगळुरूला परतायचं होतं. शुक्रवारी आई मोरीशी तांब्या हातात धरून मटकन खाली बसली. बीपीचं यंत्र लावलं, वरचा आकडा एकशे नव्वद. गोळ्यांचं पाकीट पाहिलं.

"आई, पाच दिवस गोळी घेतली नाहीस?"

"घंटा वाजली नाही."

"कसली घंटा?"

"ह्यांची. सकाळी नऊला वाजायची, की हे ओरडायचे, नलू, गोळी. हे गेले तरी वाजत होती. मी घेत होते." तिने पदराने कपाळ टिपलं. "तेराव्यानंतर थांबली. थांबणारच. तेराव्याला माणूस पुढे निघतो. इतकी पुस्तकं वाचतेस मेघा, एवढं ठाऊक नाही?"

तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. ते मला बघवेना.

तिला गोळी दिली, आडवं केलं आणि मी माउस हातात घेतला. घंटा परत आणायला मिनिटही लागलं नसतं. पण उद्या नऊला ती वाजली, की आईच्या लेखी अप्पा वाटेतच अडकले. खरं सांगावं, तर ते निघालेच नव्हते. मीच त्यांना बंद केलं होतं. माउस तसाच हातात राहिला.

"आई, मोबाईलवर गजर लावून देऊ? नाहीतर मी तिथून रोज फोन करते."

"मशीनचं मी ऐकत नाही," आई आतून म्हणाली. "घरातल्या माणसाने सांगितलं तर घेईन."

मी कॉम्प्युटर बंद केला. मग फोन काढून रविवारचं तिकीट रद्द केलं. पुढच्या तारखेची चौकट आली, ती रिकामी ठेवली.

शनिवारी मी आठपासून जागीच बसून होते. नऊ वाजले.

"आई, गोळी."

तिने पाण्याबरोबर गोळी गिळली, फुलपात्र खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"एक मिनिट उशीर झाला," ती म्हणाली. "उद्या लक्ष ठेव."