अकरा नंबरची पाटी

मी अक्षरं शिकले ती सत्तेचाळिसाव्या वर्षी, पुरानी बस्तीतल्या साक्षरता वर्गात. त्याआधी बावीस वर्षं आयाचं काम केलं होतं. रायपूर राजधानी झालं, तेलीबांध्याकडे नवी इस्पितळं उभी राहिली आणि त्यातल्या एकात मला पुरुषांच्या ऑपरेशन वॉर्डात घेतलं. तिथे आम्ही पाच आया होतो. वाचता येणारी मी एकटी.

पुढे इस्पितळाने ठरवलं की शहरातल्या पेशंटांच्या घरी ऑपरेशननंतर आठव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी जाऊन विचारपूस करायची. तो फॉर्म माझ्या हातात आला. टाके कोरडे आहेत का, ताप येतो का, भूक कशी, झोप कशी, किती पावलं चालतात, दुखणं शून्य ते दहात किती. सगळ्यांत खाली एक रिकामा चौकोन. पेशंटला आणखी काय हवं आहे? लोक तिथे बहुतेक काहीच सांगत नसत.

नीलकंठराव तात्यापाऱ्यात राहायचे. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं. पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केलेला माणूस, बोलण्यात अहो-जाहो, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. आठव्या दिवशी मी गेले तर त्यांच्या बायकोने, पद्मिनीताईंनी, दार उघडलं.

"या गोदावरीबाई. सगळं बरं आहे, पण पाणी लई पिऊन राहिले हो."

नीलकंठराव खुर्चीत बसले होते. शेजारच्या स्टुलावर तीन तांबे. मी टाके पाहिले, कोरडे होते. ताप नव्हता. भूक होती. ओसरीतून आतपर्यंत चाळीस पावलं चालून दाखवलं. फक्त ओठ. उन्हाळ्यात तळ्याचा तळ फाटतो तसे फाटलेले, आणि माझ्यासमोर त्यांनी अख्खा तांबा रिकामा केला तरी ते ओले झाले नाहीत.

"साखर तपासली?" मी विचारलं.

"दोनदा. काही नाही निघालं." पद्मिनीताईंनी आवाज खाली आणला. "अन् लघवीले दिवसातून दोनदाच जातात. मले सांगा, एवढं पाणी जाते कुठं?"

मी फॉर्मच्या शेवटच्या चौकोनाशी आले. "तुम्हाला आणखी काही हवंय का?"

नीलकंठराव माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "घोटभर पाणी दे ना, माय."

तांब्या त्यांच्या हाताशीच होता.

पद्मिनीताई हसायला लागल्या. "घ्या! चाळीस वर्षांत माझ्या आईले यांनी कधी माय म्हटलं नाही. तुम्ही काय जादू केली व?"

मला हसता आलं नाही. तो आवाज नीलकंठरावांचाच होता, पण ते शब्द मी आठच दिवसांपूर्वी दुसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकले होते.

त्याचं नाव लहानू. रेल्वेच्या रुळांवर मजुरी करणारा, हर्नियाचं ऑपरेशन झालेला, अकरा नंबरच्या खाटेवरचा. भाऊ औषधं आणायला गेला होता. दुपारची वेळ होती. बारा नंबरवर नीलकंठरावांना नुकतंच ऑपरेशन थिएटरातून आणून टाकलं होतं, ते गुंगीत होते. लहानूने मला हाक मारली, "घोटभर पाणी दे ना, माय."

त्याच्या उशाला काळी पाटी टांगलेली होती. मी खडूची अक्षरं बोट फिरवून वाचली. मुँह से कुछ नहीं देना.

"काय लिहिलं व त्यावर? मले वाचता येत नाही," लहानू म्हणाला.

मी त्याला वाचून दाखवलं. मोठ्याने, सावकाश, वर्गात बाई वाचायला लावायच्या तसं. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. आमच्या बाकीच्या आया वाचू शकत नसत, म्हणून त्या प्रत्येक वेळी सिस्टरला विचारून यायच्या. मी विचारायला गेले नाही.

त्याने आणखी दोनदा मागितलं. मी दोन्ही वेळा पाटीकडे बोट दाखवलं. दिवे लागायच्या आधी तो गेला. फुप्फुसात गाठ अडकली, असं डॉक्टर म्हणाले. पाण्याशी काही संबंध नव्हता. त्याच्या भावाने औषधांची पिशवी खाटेवर ठेवली आणि मला विचारलं, "शेवटी तोंडात पाणी पडलं ना त्याच्या?" मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

पंधराव्या दिवशी मी तात्यापाऱ्यात परत गेले. टाके भरून आले होते. दुखणं शून्य. फॉर्म बघून कोणताही डॉक्टर खूश झाला असता. पण नीलकंठरावांची मान लवली होती आणि ओठांतून रक्त येत होतं. खुर्चीशी आता पाच तांबे होते.

"रोज पेपर वाचायचे," पद्मिनीताई म्हणाल्या. या वेळी त्या हसत नव्हत्या. "आता हातात दिला तर उलटा धरतात."

मी त्यांच्यासमोर बसले. त्यांनी समोरच्या भिंतीकडे बघितलं. तिथे काही नव्हतं, नुसता चुना.

"त्या पाटीवर काय लिहिलं व, माय? मले वाचता येत नाही."

माझ्या हातातला फॉर्म खाली पडला. पद्मिनीताईंनी तो उचलून दिला आणि माझा दंड घट्ट धरला. "काय आहे हे, गोदावरीबाई? तुम्हाला माहीत आहे. तुमचं तोंडच सांगून राहिलं. माझा माणूस जाते का?"

"उद्या येते," एवढंच मी म्हणाले.

तिथून मी थेट इस्पितळात गेले. लहानूची फाइल काढून घेतली, पण ती सगळी इंग्रजीत होती. ती अक्षरं मी शिकलेच नव्हते. वॉर्डातल्या सोनिया सिस्टरकडे नेली. तिने पान उलटलं.

"उस दिन सुबह के राउंड में डॉक्टर ने लिखा है दीदी, पानी-चाय चालू करो. क्यों, क्या हुआ?"

"मग पाटी?"

"पाटी एक दिन पहले की होगी. किसी ने पोंछी नहीं होगी." ती माझ्याकडे बघायला लागली. "दीदी, बैठ जाओ."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी नीलकंठरावांच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसले. वाटीत पाणी आणि चमचा घेतला. पद्मिनीताईंना म्हटलं, तुम्ही इथेच थांबा, तुम्हीही ऐका.

"लहानू," मी म्हणाले, "पाटी आदल्या दिवसाची होती. तुला पाणी चालत होतं. मी विचारून यायला पाहिजे होतं, आले नाही. तुझ्या भावाशीही खोटं बोलले."

पद्मिनीताईंनी तोंडावर पदर धरला. नीलकंठरावांनी तोंड उघडलं. मी एक चमचा घातला. मग दुसरा. त्यांच्या घशातून पाणी उतरल्याचा आवाज मला ऐकू आला. इतके दिवस तो आवाज येत नव्हता, हे मला तेव्हा कळलं. तिसऱ्या चमच्याला त्यांनी हात आडवा केला आणि डोळे मिटले. ओठ ओले होते.

अर्ध्या तासाने ते जागे झाले. "अहो, तुम्ही केव्हा आलात? आणि अशा जमिनीवर का बसलात?" मग बायकोकडे वळून, "आजचा पेपर कुठाय?"

पद्मिनीताई पेपर आणायला गेल्या त्या आत बराच वेळ रडत होत्या.

मी निघाले तर नीलकंठरावांनी हळूच विचारलं, "बाई, माझ्या बाजूच्या खाटेवरच्या माणसाला मिळालं का हो पाणी? गुंगीत होतो, पण ऐकू येत होतं."

मी सांगितलं, आज मिळालं.

म्हणजे त्यांनी ऐकलं होतं आणि तेच डोक्यात बसलं होतं, असंही म्हणता येईल. मी तसं स्वतःला म्हणत म्हणत तेलीबांध्यापर्यंत आले. इस्पितळात एक कोरा फॉर्म घेतला. वर लहानूचं नाव लिहिलं. खालच्या चौकोनात लिहिलं: पाणी मागितलं. तीनदा. मी दिलं नाही. पाटी जुनी होती. त्याच्या भावाला कळवावं. एवढ्याला मला पाऊण तास लागला.

सोनियाने वाचलं. "दीदी, नौकरी जाएगी."

"जाऊ दे," मी म्हणाले आणि तो फॉर्म तिला मोठ्या सिस्टरच्या टेबलावर ठेवायला लावला.

मग वॉर्डात गेले. अकरा नंबरवर धर्मपाल नावाचा नवा पेशंट होता, परवाच ऑपरेशन झालेला. त्याच्या उशाला तीच पाटी, तीच अक्षरं. मी आधी सोनियाला विचारून आले. त्याला सकाळपासून पाणी चालत होतं. मी पदराने पाटी पुसली, त्याला अर्धा ग्लास पाणी दिलं.

त्याने पाणी पिऊन बारा नंबरकडे बघितलं. तिथे गादी गुंडाळून ठेवली होती, धर्मपाल यायच्या आधीपासून ती खाट रिकामी होती.

"ते काका गेले का, बाई?" धर्मपालने विचारलं. "कालपासून या पाटीकडेच बघून राहिले होते. रुळांवर मजुरी करतो म्हणाले."

मी रिकामा ग्लास त्याच्या हातातून घेतला.

"हव," मी म्हणाले. "गेले."